प्रिय महोदय/महोदया

मध्यंतरी एका उद्योजक मेळाव्याला गेलो होतो. दाराशी टेबल, टेबलावर काचेचं भांडं, भांड्यात प्रत्येकाने आपलं व्हिजिटिंग कार्ड टाकायचं. सोडतीत नंबर लागला तर मिक्सर. मी कार्ड टाकलं. मिक्सर दुसऱ्याला लागला.

मुख्य व्याख्यान नवीन ग्राहक कसे मिळवावेत यावर होतं. वक्ते तरुण, आवाज खणखणीत. पाऊण तासात त्यांनी सभागृहाला जे पटवलं ते थोडक्यात असं : रोज शंभर कंपन्यांना मेल पाठवा. ओळख लागत नाही, कारण लागत नाही, यादी लागते. कंपन्यांनी आपले पत्ते स्वतःच वेबसाइटवर टाकलेत, तेव्हा ते आमंत्रणच समजा. ज्याला नको असेल तो डिलीट करेल. त्याला एक सेकंद लागतो. आपल्याकडे याविरुद्ध कायदा नाही. हजार मेलमागे दहा उत्तरं येतात आणि दहा उत्तरांमागे एक गिऱ्हाईक. आणि सरतेशेवटी, टाळ्यांना जागा ठेवून : मराठी माणूस धंद्यात मागे पडला तो संकोचापायी; तो संकोच आज या हॉलमध्ये सोडून जा.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, शेजारचे वाजवत होते म्हणून. त्या टाळ्या मला परत घ्यायच्या आहेत.

माझी बाजू आधीच सांगतो. गेली २२ वर्षं मी एका दिवाळी अंकासाठी जाहिराती गोळा करतो. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून जी परंपरा सुरू केली, तिचा मी हिशेबाच्या बाजूचा वारस. अनोळखी दुकानदाराला, कारखानदाराला, क्लासवाल्याला गाठून 'यंदा निदान पाव पान तरी द्या' म्हणायचं, यावर माझं घर चालतं. तेव्हा विकायला आलेल्या माणसाकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. विकायला येणारा मीच आहे. वक्ते म्हणतात ते मी एकदा करूनही पाहिलंय, आणि त्याची गोष्ट पुढे सांगणार आहे. माझ्या लेखी ती या सगळ्या युक्तिवादापेक्षा वजनदार आहे.

वक्त्यांची लाडकी कथा १९७८ सालची होती. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत गॅरी थुर्क नावाचे विक्री विभागातले अधिकारी होते. इंटरनेटची आजी म्हणता येईल अशा अर्पानेट या जाळ्यावर त्यांनी मे महिन्यात सुमारे ४०० जणांना एकच निरोप धाडला : आमच्या नव्या संगणकांचं प्रात्यक्षिक कॅलिफोर्नियात ठेवलंय, बघायला या. जगातला पहिला स्पॅम म्हणून तो आज ओळखला जातो. वक्त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यातून कोटीहून अधिक डॉलरची विक्री झाली. आकडा त्यांनी बनवलेला नाही. थुर्क स्वतःच तो सांगत आले आहेत. पण गोष्ट तिथे संपत नाही. ते पत्ते आले होते जाळ्याच्या छापील डिरेक्टरीतून. कोणाला काही विकावं म्हणून नव्हे, सहकाऱ्यांना सहकारी सापडावेत म्हणून ती छापली होती. पत्ते इतके झाले की पत्त्यांच्या रकान्यात मावेनात; उरलेले खालच्या मजकुरात सांडले, आणि काहींना जाहिरातीआधी दुसऱ्यांच्या पत्त्यांची रांगच वाचावी लागली. तक्रारी झाल्या. ते जाळं चालवणाऱ्या लष्करी खात्याने हा उघड गैरवापर आहे म्हणून तंबी दिली. आणि त्याच्याही आधी, नोव्हेंबर १९७५ मध्ये, जॉन पोस्टेल यांनी एका पानाच्या टिपणात लिहून ठेवलं होतं की नको असलेला निरोप दाराशीच नाकारायची सोय या जाळ्यात नाही. म्हणजे चोर यायच्या अडीच वर्षं आधी कडी नसल्याची नोंद झालेली होती.

थुर्क यांचा माल खपलाही असेल. समोरच्या पेटीत त्या दिवशी दुसरं काही नव्हतं. रिकाम्या रस्त्यावर पहिल्यांदा ओरडणाऱ्याकडे सगळे वळून बघतात. आज त्याच रस्त्यावर मंडई भरलीय, आणि वक्ते दोनशे जणांना एकाच वेळी कर्णा वाटत होते.

आता 'पत्ता जाहीर आहे म्हणजे आमंत्रण आहे' हे पाहू. सगळ्या युक्तिवादाचा भार या एका खुंटीवर आहे.

दुकानाचं दार उघडं असतं ते कोणासाठी? तुम्ही त्या दारातून आत जाऊन दुकानदारालाच काही विकायला लागलात तर तो ऐकूनही घेईल. आमच्या रविवार पेठेतले व्यापारी तर बसायला स्टूल देतात. पण याला पोटनियम आहेत आणि ते वर्गणी मागणाऱ्या गणेश मंडळाच्या पोरांनाही ठाऊक असतात. भवानी व्हायच्या आत मागायला जायचं नाही. काउंटरवर गिऱ्हाईक असेल तर पायरीवर थांबायचं. शेठ जेवत असेल तर परत यायचं. आणि 'विक्रेत्यांनी वेळ घालवू नये' अशी पाटी असेल तर ती वाचायची. पुण्यात अशा पाट्यांची आपण चेष्टा करतो, पण त्या पाटीचा अर्थ कळला नाही असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

वेबसाइटवरच्या पत्त्यालाही असाच अर्थ असतो, आणि तो कोणाच्या मनातला नाही, लिहून ठेवलेला आहे. मे १९९७ मध्ये आरएफसी २१४२ नावाचं एक छोटं मानक निघालं. कोणत्या नावाची टपालपेटी कशासाठी, एवढंच त्यात आहे. 'सेल्स' म्हणजे आमचा माल घ्यायचा असेल तर इथे विचारा. 'सपोर्ट' म्हणजे घेतलेल्या मालात अडचण असेल तर इथे सांगा. 'इन्फो' म्हणजे आमच्याबद्दल माहिती हवी असेल तर इथे मागा. 'अब्यूज' म्हणजे आमच्याकडून कोणाला त्रास होत असेल तर इथे तक्रार करा. 'आम्हाला काही विकायचं असल्यास' अशी पेटी त्या यादीत नाही. 'सेल्स'च्या पत्त्यावर आपला माल विकायला लिहिणारा माणूस तिकीट खिडकीशी उभा राहून आत बसलेल्याला शेंगदाणे विकत असतो. त्याच्यामागे रांग आहे आणि गाडी सुटायच्या बेतात आहे.

ही रांग मी पाहिलीय. सप्टेंबरच्या अखेरीस, फॉर्म छपाईला जायच्या आठवड्यात, एका जुन्या जाहिरातदाराने मेल केला होता : 'आमचा फोन नंबर बदललाय, मजकुरात दुरुस्ती करा.' तो मेल साठेक अनाहूत मेलखाली दबला. कोणी मला सर्च इंजिनमध्ये पहिल्या पानावर आणणार होतं, कोणी अंकाचं मोबाइल ॲप करून देणार होतं, एकाला तर मला फोर्कलिफ्ट भाड्याने द्यायची होती. जाहिरात जुन्या नंबरासह छापून गेली. पुढच्या वर्षी त्यांना अर्धं पान फुकट दिलं. वक्ते म्हणतात डिलीट करायला एक सेकंद लागतो. लागत असेल. हे डिलीट करायचं की उघडायचं ते ठरवायला जो वेळ लागतो, आणि घाईत चुकीचं ठरवलं तर जे अर्धं पान जातं, ते त्यांच्या हिशेबात धरलेलं नाही. ते धरायचं कारणही नाही म्हणा. खर्च दुसऱ्याच्या वहीत पडतो.

टपाल खात्याला हा हिशेब कळत होता. हाताने लिहिलेल्या पोस्टकार्डाला ५० पैसे आणि छापील पोस्टकार्डाला ६ रुपये, असा दर वर्षानुवर्षं होता. कार्ड तेवढंच, वजन तेवढंच, पोस्टमन तोच. पण एकाने एकाला लिहिलेलं आणि एकाने हजारांना छापून काढलेलं या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे खात्याने मान्य केलं होतं, आणि दुसऱ्या वस्तूला बारापट दर लावला होता. मेलमध्ये हा फरक पुसला गेला. संगणकशास्त्रातल्या लोकांनाही तो बोचला. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या दोघांनी १९९२ मध्येच सुचवलं होतं की प्रत्येक मेल पाठवण्याआधी पाठवणाऱ्याच्या संगणकाला एक छोटं गणित सोडवायला लावावं. एका मेलला ते जाणवणार नाही, लाखाला घाम फुटेल. मेलच्या बाबतीत ते रुजलं नाही. पण त्यामागचा विचार मला अजून पटतो : वाचणाऱ्याचा वेळ मागण्याआधी पाठवणाऱ्याने स्वतःचं काहीतरी खर्च केलेलं असावं. मेल नकोसा आहे की हवासा, हे मी तरी त्यावरूनच ठरवतो.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ३४० व्यावसायिकांचे पत्ते जमले होते. काही माझे जाहिरातदार, काही कोणाकोणाकडून मिळालेले, काही वेबसाइटवरून उचललेले. त्या वर्षी गुडघा दुखत होता, लक्ष्मी रोडचे जिने चढायचा कंटाळा आला होता, आणि पुतण्या म्हणाला, 'काका, एका क्लिकमध्ये जाईल.' मी मायना लिहिला 'प्रिय महोदय/महोदया', सोबत दरपत्रकाची जड पीडीएफ लावली, आणि सगळे ३४० पत्ते सीसीच्या रकान्यात ओतले. बीसीसी नावाचा रकाना असतो हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पहिल्या तासाला एकाने 'नको' असं उत्तर दिलं, ते सगळ्या ३४० जणांना गेलं. मग दुसऱ्याने सगळ्यांना कळवलं की कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका. मग एका पैठणीवाल्याने संधी साधून सगळ्यांना आपली दसऱ्याची योजना पाठवली. एकाच गल्लीतल्या दोन मिठाईवाल्यांना कळलं की मलपृष्ठाचा दर मी दोघांनाही 'खास तुमच्यासाठी' म्हणून सांगितला होता. संध्याकाळी फोन आला तो एका चष्मेवाल्यांचा. सलग ११ वर्षं पाव पान देत होते, व्हाउचर कॉपी द्यायला गेलो की चहा सांगायचे. म्हणाले, 'अहो, जाहिरात नको असं नाही. पण अकरा वर्षांनी मी महोदय आहे की महोदया हे तुम्हाला ठरवता येईना?'

त्या वर्षी त्यांची जाहिरात आली नाही. आणि पुढच्या वर्षी त्याच ३४० पत्त्यांवर दुसऱ्या एका अंकाचा मेल गेला. मला कसं कळलं? यादीत माझाही पत्ता होता.

तेव्हा हजारातल्या एका गिऱ्हाइकाचं जे गणित फळ्यावर मांडलं गेलं, त्यात उरलेल्या ९९९ जणांचं काय झालं याचा रकाना नव्हता. ते तसेच राहत नाहीत. त्यांच्यातल्या काहींच्या मनातून तुम्ही उतरता आणि काही जण 'स्पॅम' या बटणावर बोट ठेवतात. त्या बोटाचं काय होतं ते सांगण्यासारखं आहे. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून नियम आवळले. जीमेलवर दिवसाला ५००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना आपण खरोखर आपणच आहोत हे तांत्रिक खुणांनी सिद्ध करावं लागतं आणि एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय द्यावी लागते. पण तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायची अट छोट्या पाठवणाऱ्यांनाही आहे, आणि ०.१ टक्क्याच्या आत राहिलात तर बरं, असं गूगल सांगतं. हजारात तीन. तीन जण चिडले की तुमच्या डोमेनची पत घसरायला लागते, आणि पत एकदा घसरली की ती मेलमेलमध्ये भेद करत नाही. ज्या पत्त्यावरून तुम्ही हजारांना त्रास दिलात, त्याच पत्त्यावरून नेहमीच्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं बिल त्याच्या स्पॅमच्या पेटीत जाऊन पडतं. मग तुम्ही फोन करता, 'बिल मिळालं का?' तो प्रामाणिकपणे सांगतो, 'नाही.'

त्यात विकतच्या याद्या. 'महाराष्ट्रातील ५०,००० उद्योजकांचा डेटा' अशी पेनड्राइव्ह मलाही एकाने देऊ केली होती. अशा याद्यांत निम्मे पत्ते मेलेले असले तरी नवल नाही, आणि काही पत्ते तर कधीच कोणा माणसाचे नव्हते. स्पॅम पकडणाऱ्या संस्थांनी ते सापळा म्हणून पेरलेले असतात. ज्या पत्त्याने कधी कोणाला लिहिलं नाही, कुठे नाव नोंदवलं नाही, त्यावर तुमचा मेल येऊन पडला म्हणजे तुम्ही पत्ता कुठून आणलात हे उघडच आहे.

कायदा नाही हे म्हणणं मात्र बरंचसं खरं आहे, आणि ते मान्य केलं पाहिजे. फोन आणि एसएमएससाठी ट्रायचे नियम आहेत, १९०९ या क्रमांकावर नको म्हणून कळवता येतं. मेल त्या नियमांत येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात त्रास देण्यासाठी पाठवलेल्या मेलबद्दल एक पोटकलम होतं. पण त्या कलमाचा वापर कुठे झाला ते आपण पालघरला २०१२ मध्ये पाहिलं : फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी दोन मुलींना अटक. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अख्खं कलमच रद्द केलं, आणि योग्यच केलं. मला मेलपायी कोणी तुरुंगात जायला नको आहे. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही इथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे इथल्या इथे वक्त्यांना कोणी हात लावणार नाही. जिन्यात चपला अस्ताव्यस्त टाकू नयेत असाही कायदा नाही, पण त्या टाकायला कोणी व्याख्यान देऊन शिकवत नाही.

पण सभागृहात निर्यात करणारेही बसले होते. सांगलीचा बेदाणा व्यापारी टोरोंटोतल्या आयातदाराला मेल पाठवतो तेव्हा तो मेल कॅनडात उघडला जातो, आणि तिथला १ जुलै २०१४ पासूनचा कायदा त्याला लागू होतो. कंपनीला दंडाची कमाल मर्यादा १ कोटी डॉलर. जर्मनीत कंपनीला जाहिरातीचा मेल पाठवायलाही आधी संमती लागते. अमेरिकेचा २००३ चा कायदा त्यामानाने सैल आहे, संमती मागत नाही. तरी विषय फसवा नको, पाठवणाऱ्याचा खरा टपालाचा पत्ता हवा आणि नको म्हणणाऱ्याला १० कामाच्या दिवसांत यादीतून काढलं पाहिजे, एवढं तोही मागतो. कंपनीने कंपनीला लिहिलं म्हणून त्यातून सूट नाही. कॅनडाच्या कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते. एखाद्याने पत्ता ठळकपणे जाहीर केला असेल तर संमती गृहीत धरता येते, पण दोन अटींवर : 'अनाहूत मेल नकोत' असं सोबत लिहिलेलं नसावं, आणि तुमचा मजकूर त्या माणसाच्या कामाशी संबंधित असावा. पाटी वाचा आणि तिकीट खिडकीशी शेंगदाणे विकू नका, हेच की.

आता संकोच. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो अर्धा खरा आहे. आपण मागायला लाजतो, दर सांगताना पुटपुटतो, वसुलीला जाताना पाय जड होतात. पण हा संकोच जायचा कसा? मी सांगतो माझा कसा गेला. दुपारी दोनच्या उन्हात, बगलेत मागच्या वर्षीचा अंक, समोर गल्ल्यावर बसलेला माणूस मान वर न करता म्हणतो, 'दिवाळीनंतर या.' दिवाळी अंकाच्या जाहिरातीसाठी! पहिल्यांदा कान तापले. दहाव्यांदा हसू आलं. पन्नासाव्यांदा मी म्हटलं, 'दिवाळीनंतर येतोच, पण तेव्हा अंक द्यायला.' तो हसला आणि पाव पान मिळालं. नकार तोंडावर ऐकला तेव्हा संकोच गेला. शंभर मेल पाठवणाऱ्याला नकार ऐकूच येत नाही. त्याला नुसती शांतता ऐकू येते आणि तिला तो 'अजून उत्तर आलं नाही' म्हणतो. वक्ते संकोच सोडायला सांगत नव्हते. संकोची माणसाला लपायला जागा दाखवत होते.

आणि मराठी उद्योजकांना लोकांपर्यंत पोचता येत नव्हतं असं कोणी म्हणालं तर त्याने किर्लोस्करवाडी आठवावी. १९२० साली शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं ते कारखान्याचं मुखपत्र म्हणून. नांगर, चरक, कारखान्याच्या बातम्या. पण त्यात वाचण्यासारखं इतकं येऊ लागलं की ते 'किर्लोस्कर' मासिक झालं, लोक वर्गणी भरून मागवू लागले, आणि १९३० मध्ये त्याच घरातून 'स्त्री' निघालं. एका कारखान्याने गिऱ्हाइकांना पाठवायचं म्हणून काढलेला कागद, आणि तो मिळावा म्हणून लोकांनी पैसे मोजले. रोज शंभर मेलवाल्यांनी हे प्रमाण मनात ठेवावं : तुमचा मेल एखाद्याने पैसे देऊन मागवला असता का? पैसे राहू देत. आला नाही तर 'का आला नाही' म्हणून विचारलं असतं का?

विकणाऱ्यांनाच झोडपतोय असं वाटायला नको. गिऱ्हाईकही याच पापाचं भागीदार आहे. माझे एक मुद्रक मित्र सांगतात, आठवड्यातून दोन-चार मेल असे येतात : 'पुस्तक छापायचे आहे. बेस्ट रेट पाठवा.' तोच मेल वीस छापखान्यांना गेलेला असतो. आकार डेमी की क्राउन, पानं किती, कागद ७० जीएसएम मॅपलिथो की आणखी काही, आत रंगीत पानं आहेत का, बाइंडिंग परफेक्ट की शिलाई, प्रती ३०० की ३०००, काही नाही. दर काढायला अर्धा तास जातो. वीस छापखान्यांचे मिळून दहा तास. आणि काम गेलेलं असतं मेहुण्याच्या ओळखीच्याकडे. हाही नकोसा मेलच. फरक इतकाच की तो गिऱ्हाइकाच्या वेशात येतो, म्हणून उघडावा लागतो.

मग अनोळखी माणसाने लिहायचंच नाही का? वक्त्यांनी मला हेच विचारलं असतं, आणि प्रश्न रास्त आहे. चार वर्षांपूर्वी एका मुलीचा मेल आला. नाव ओळखीचं नव्हतं. मेल सहा ओळींचा. तुमच्या गेल्या अंकातल्या तिसऱ्या कथेत म्हातारीच्या हातात बांगड्या काढल्यात, कथेत मात्र तिने त्या पहिल्याच परिच्छेदात उतरवून ठेवल्यात. मी कथाचित्रं काढते. दोन नमुने जोडलेत, छोट्या आकारात. पुढच्या अंकासाठी चित्रकार ठरला असेल तर उत्तर द्यायची गरज नाही. मी पुन्हा लिहिणार नाही.

मी अंक काढून पाहिला. बांगड्या होत्या. लेखकाने पाहिल्या नाहीत, संपादकांनी पाहिल्या नाहीत, मुद्रितशोधकाच्या अखत्यारीत चित्रं येत नाहीत. तो मेल अनाहूत होता, अनोळखी होता, आणि विक्रीसाठीच होता. पण तो लिहिण्याआधी तिने २०० पानांचा अंक वाचला होता. त्या दिवाळीपासून आमची चित्रं ती काढते. वक्ते म्हणतील, शंभर मेल पाठवणाऱ्याने एवढं वाचत बसावं का? नको ना. म्हणून तर शंभर नकोत.

मी आता ऑगस्टमध्ये बसून दिवसाला तीन-चार पत्रं लिहितो, मेलनेच. प्रत्येकात एक वाक्य असं असतं जे दुसऱ्या कोणाला पाठवता येणार नाही. तसं वाक्य सुचलं नाही तर ते पत्र जात नाही, मग ते दुकान कितीही मोठं असो. दरपत्रक सोबत लावत नाही. हवं असेल तर पाठवतो म्हणून लिहितो. एकदा आठवण करतो, दुसऱ्यांदा नाही. पुतण्या म्हणतो, काका, असे किती होतील? गेल्या वर्षी ६४ झाले, १९ जाहिराती आल्या. चष्मेवाल्यांकडे मात्र अजून मी स्वतः जातो. तीन वर्षांनी त्यांनी पुन्हा पाव पान द्यायला सुरुवात केली, पण चहा सांगताना अजून विचारतात, 'महोदय, साखर किती?'

मेळावा होऊन आता पाच आठवडे झालेत. काचेच्या भांड्यातल्या माझ्या कार्डाला चार मेल आलेत. पहिल्यात 'आपल्या भेटीचा आनंद झाला' असं होतं. भेट झाली नव्हती. दुसऱ्यात कार्यशाळेच्या सवलतीची मुदत होती. तिसऱ्याच्या विषयात सुरुवातीला 'रि' आणि विसर्गचिन्ह होतं, जणू मीच काही विचारलं होतं. चौथा काल आला, 'फक्त आठवण'. तळाशी बारीक अक्षरात यादीतून बाहेर पडायची लिंक आहे. ती दाबली तर एक फॉर्म उघडतो आणि माझा मोबाइल नंबर मागतो.

हा लेख वक्त्यांना पाठवावा असं मनात आलं होतं. त्यांचा पत्ता चारही मेलमध्ये आहे. पण लेख त्यांनी मागितलेला नाही.